घरफाळ्याची हलगी

हलगीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा चिमणाबाईनं कांडपाचं यंत्र बंद केलं. तिला ठेका नीट ऐकायचा होता. लग्नाची हलगी नव्हती, कुस्त्यांचीही नव्हती. कोरडा, एकसारखा ठोका. मार्च लागल्यापासून शिवाजी पेठेत तो सगळ्यांच्या ओळखीचा झाला होता. महापालिकेची घरपट्टी वसुलीची माणसं थकबाकीदाराच्या दारात हलगी वाजवायची, नाव आणि रक्कम मोठ्यानं वाचायची, आणि तरी पैसे निघाले नाहीत तर धंद्याच्या जागेला सील ठोकायची.

चिमणाबाईचा तीन वर्षांचा घरफाळा थकला होता.

ती मागं वळली. भिंतीला टेकून बायका आपापल्या पोत्यांपाशी बसल्या होत्या. वर्षाची चटणी करून न्यायला आलेल्या, निम्म्या बाहेरगावच्या. मिरची, खोबरं, धणे, घरादाराचं वर्षभराचं तिखट. जागेला सील लागलं तर ते आत अडकणार, हे कुणाला सांगावं लागलं नसतं. एक उठली की सगळ्या उठल्या असत्या. आणि घरफाळा फिटला तर या उन्हाळ्याच्या कांडपावरच फिटणार होता.

"कुणाच्या दारात आलंय गं हे?" गडमुडशिंगीच्या अंबूबाईनं विचारलं आणि तिचा हात पोत्याच्या तोंडाकडं गेला.

हलगी दारातच येऊन थांबली. दोन हलगीवाले, मागं वसुलीचे साहेब. साहेबांनी घसा खाकरला, कागद वर धरला.

"श्रीमती चिमणाबाई..."

"जिंकलोऽऽ!"

शेजारच्या तालमीतनं पोरांचा लोंढा बाहेर पडला. पुढं जयसिंग वस्ताद, साठी उलटलेला गडी, काखेत गुलालाची पिशवी. पहिली मूठ त्यांनी साहेबांवरच उधळली. तालमीच्या फुटबॉल संघाची आज मॅच होती, हे चिमणाबाईला तेव्हा आठवलं. दिवसभर यंत्राच्या घरघरीत तिला कशाचाच पत्ता नव्हता. हलगी ऐकून पोरांना वाटलं असणार, आपल्याच मिरवणुकीला आली.

"अहो, थांबा! ही वसुलीची हलगी आहे!" साहेब ओरडले.

"काय म्हणतासा साहेब?" वस्तादांनी कानामागं हात धरला. "मोठ्यानं बोला की, ऐकू येत न्हाई!"

शिट्ट्यांत साहेबांचं वाचन बुडून गेलं. पोरं समोर नाचायला लागली तसं हलगीवाल्यांनाही राहवेना. ठेका फिरला, तो थेट मिरवणुकीचाच झाला. अंबूबाई दारापर्यंत जाऊन बघून आली आणि हसत पुन्हा पोत्यापाशी टेकली.

"पोरांनी बाजी मारली वाटतं. चालू कर बाई यंत्र, मला शेवटची गाडी गाठायची हाय."

साहेब आत आले. कानात, भुवयांत, शर्टाच्या खिशात गुलाल. ओरडून उपयोग नव्हता, म्हणून ते हळूच म्हणाले, "बाई, आता तुम्हीच सांगा."

"भरतो की साहेब. एका दमात जमत न्हाई. आज गल्ल्यातलं हे घ्या, उरल्यालं हप्त्यानं. कांडप चालू हाय तवर दर सोमवारी आणून देतो."

साहेबांनी यंत्राकडं पाहिलं, मग पोत्यांकडं. बंद यंत्रातून काही वसूल होणार नव्हतं, हे त्यांनाही दिसत होतं. त्यांनी पावती फाडली.

"सोमवार चुकवायचा नाही. हप्त्यांचं वर मी सांगतो." रुमाल तोंडावरून फिरवला तर तोही लाल झाला. "आमची मंडळी विचारणार आता, वसुलीला गेलतासा का शिमग्याला?"

दिवेलागणीला चिमणाबाई परात भरून चुरमुऱ्यांचं भडंग घेऊन तालमीत गेली. पोरं पायरीवर गप्प बसली होती. गोलकीपर प्रसेनजीतच्या गुडघ्यावर बर्फाचा रुमाल होता.

"किती गोलनं जिंकलासा रं?"

प्रसेनजीत गुडघ्याकडंच बघत म्हणाला, "तीन-शून्य. हरलोय, चिमणाक्का."

तिनं वस्तादांकडं पाहिलं. ते नळावर मानेवरचा गुलाल धूत होते.

"मग नाचलासा ते वो?"

"गुलाल आणून ठेवल्याला हुता," वस्ताद म्हणाले. "न्हाईतर परत न्यायचा व्हय दुकानात?" आणि ओल्या हातानंच त्यांनी भडंगाची मूठ भरली. "कांदा कमी पडलाय बघा."

"आणतो," एवढंच ती म्हणाली. परात खाली ठेवून कांदा आणायला घरी गेली. तो चिरताना डोळ्यांना पाणी आलं ते तिनं पुसलं नाही.

तिनं एकही सोमवार चुकवला नाही. पावसाच्या तोंडावर शेवटचा हप्ता गेला. पावती तिनं देव्हाऱ्यात ठेवली, आणि तिच्याशेजारी गुलालाची एक पुडी.

पुढच्या मार्चमध्ये हलगी आली ती समोर, बाळासोच्या सायकलीच्या दुकानापुढं. तोच कोरडा ठोका. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती, आणि बाळासो हातात ट्यूब धरून नुसताच बघत राहिला होता. तालमीला कुलूप होतं. पोरं मैदानावर, वस्तादही तिकडंच.

चिमणाबाईनं यंत्र बंद केलं. देव्हाऱ्यातली पुडी घेतली, पदर कमरेला खोचला. घरच्या लग्नातसुद्धा ती कधी नाचली नव्हती.

"अगं, कुठं निघालीस?" अंबूबाई पोत्यापासून म्हणाली. "तालीम तर बंद दिसतीया. कोण जिंकलं?"

"आपणच की," चिमणाबाई म्हणाली आणि पायरी उतरली.