अंगठ्याएवढी चेटकीण

अंबडच्या कंपनीतून आल्यावर योगेश रोज तासभर भिंग लावून बसायचा. भाची ईश्वरीच्या बोर्ड गेमसाठी त्याने अंगठ्याएवढे पुतळे रंगवायला घेतले होते. एक ड्रॅगन, एक चेटकीण आणि तीन बुटके योद्धे. चार महिन्यांत त्याची मान आखडली, चष्म्याचा नंबर वाढला, पण चेटकिणीच्या डोळ्यांत बुबुळं आली.

तिच्या वाढदिवसाला तो पुतळ्यांचा डबा घेऊन निफाडला बहीण उज्वलाकडे गेला. ईश्वरीने ड्रॅगन उचलला न उचलला, तोच तिच्या आईने तो काढून घेतला.

"अगं, रंग उडेल! दादा, लय भारी केलंय रे. दुकानातलंच वाटतं."

उज्वलाने सगळी फौज शोकेसमध्ये, लग्नात आलेल्या आणि अजून चहा न पाहिलेल्या टी-सेटशेजारी मांडली. मग कुलूप लावलं.

"अगं, खेळायला आणलंय ते."

"एवढ्या मेहनतीचं कोणी पोरांच्या हातात देतं का?"

योगेश निघाला, तेव्हा ईश्वरी त्याला गाडीपर्यंत सोडायला आली. आई दारात नाही हे बघून तिने हळूच त्याची बाही ओढली.



"मामा, पुढच्या वर्षी जरा घाण रंगव ना. मग आई खेळू देईल."