कागदाची पट्टी

फ्रिजच्या दाराचे रबर सहा महिन्यांत तिसऱ्यांदा बदलावे लागले, तेव्हा आजींनी मेकॅनिकला धारेवर धरले. आजोबांची इन्सुलिनची इंजेक्शने त्यातच असत. गारवा टिकला नाही, तर ती वाया जात.

"रबर बसवता, की नुसतं चिकटवून पळता?"

"आजी, सगळ्यांचं रबर बाहेरून झिजतं. तुमचं आतल्या बाजूनं झिजलंय. असं मी कुठे पाहिलं नाही."

"मग आता पाहा, आणि नीट बसवा."

त्याने नवे रबर गरम पाण्यात मऊ करून खाचेत बसवले. मग कागदाची एक लांब पट्टी अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावले. पट्टी ओढल्यावर सहज निघाली, तर रबर सैल. अडली, तर घट्ट.

आजींचा दुसऱ्याच्या हातावर कधीच भरवसा नव्हता. त्यांनी स्वतः पट्टी ओढली. ती तसूभरही हलली नाही.

"बसलं एकदाचं," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात पट्टी त्यांच्या चिमटीतून निसटली आणि सावकाश आत गेली.

मेकॅनिक दोन पावले मागे सरला. "तुम्ही ढकललीत का, आजी?"

आजींनी खाली बोट दाखवले. दाराच्या खालच्या कडेतून पट्टीचे टोक बाहेर येत होते. वीतभर येऊन ते थांबले. मग कुणी आतून रबर तपासत असावे, तसे त्याला दोन हिसके बसले.

पलीकडच्या खोलीतून आजोबांनी हाक मारली, "अगं, इंजेक्शनची वेळ झाली. काढतेस ना?"