ऐकणाऱ्याचा पाट

शेजारच्या शालूबाईंनी पुस्तकावर जोतिबाचा गुलाल वाहिला, हात जोडले आणि फरशीवरच बसल्या. समोर पाट मांडलेला होता, पण त्यावर कसं बसायचं? पोथी ऐकायला देव येतो. पाट त्याचा.

कालिंदीकाकू काही बोलायच्या आत त्यांनीच सांगून टाकलं, की चार दिवस भिंतीतून ही कथा ऐकू येतेय, म्हणून आज चारची मालिका सोडून आलेय. "वाचा की काकू. मी काय मधी बोलत न्हाय."

काकू वाचू लागल्या. यजमान, दत्तोपंत, गेल्यापासून आठ महिने त्या रिकाम्या पाटासमोरच वाचत होत्या. सकाळी पोथी, चार वाजता हे. आज मात्र वाक्य संपलं की कुणीतरी "अगं बाई" म्हणत होतं.

पुस्तकातली मुलगी सात वर्षांनी बापाच्या दारात उभी होती. तिनं कडी वाजवली. आतून पावलं दारापर्यंत आली आणि थांबली.

शालूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "आता देव येतोय न्हवं? म्हाताऱ्याचं रूप घिऊन?"

काकूंनी ओळीवर बोट ठेवलं. नुसती मान हलवली असती, तरी शालूबाई समाप्तीपर्यंत रोज आल्या असत्या. पण देव्हाऱ्यात समई तेवत होती. आणि त्या बापाच्या दारात नसलेला देव आणायचा कुठून?

"देव येत नाही, शालूबाई. ही पोथी नाही. कादंबरी आहे, वाचनालयातली."

शालूबाई उठल्या. गुलालानं माखलेल्या बोटांकडे बघितलं, मग पाटाकडे.

"मग ह्यो पाट कुणाचा?"

"ऐकणाऱ्याचा."

चपला शोधता शोधता शालूबाई पुटपुटल्या, की देवाच्या जागी असलं काय वाचू नये, माणसाची मती फिरती. जाताना दार ओढून घेतलं.

काकूंनी पुस्तक तिथंच मिटलं.

दुसऱ्या दिवशी चारला त्यांनी दार उघडं ठेवलं, पाट मांडला. साडेचारपर्यंत कुणी आलं नाही. मग पुस्तक घेतलं. गुलाल अजून तसाच होता. मुलगी कडी वाजवते, तिथून पुन्हा सुरुवात केली. बाप दाराआड उभाच राहिला. मुलगी बराच वेळ थांबली आणि पायऱ्या उतरून निघून गेली. प्रकरण संपलं.

काकूंचा आवाज बसला होता. त्यांनी पुस्तक मिटलं, पाट उचलून भिंतीशी उभा केला.

तेव्हा कुठं पलीकडं शालूबाईंचा टीव्ही सुरू झाला.