मागच्या खोलीचे रंग

दुपारचं जेवण उरकून इल्यासूने वाडग्यावर झाकण ठेवलं. ते खणकन वाजलं. मग भिंतीकडे बघत तो म्हणाला, "आईचा निरोप आलाय. शुक्रवारी तिला घेऊन येतेय. मागची खोली सजव तिच्यासाठी. हात आखडू नकोस."

असाबेने नाव विचारलं नाही. असा लाजलेला नवरा तिने एकदाच पाहिला होता, स्वतःच्या लग्नात. म्हणजे आता दुसरी येणार.

त्यांच्या बोलीत सवतीचा शब्द मत्सरातूनच निघालाय. तो तिला त्या दुपारी कळला. इतक्या वर्षांत तिने कुठली रीत मोडली होती? पहिली लेक दूध सुटताच सासूच्या ओटीत घातली, पार कात्सिनाला. पहिल्या लेकराचं नाव आईबापांनी घेऊ नये, म्हणून दोघांनी ते कधी तोंडावर आणलं नाही. त्याचं हे फळ.

शेजारची डेलू कुंपणावरून म्हणाली की नवरीची खोली तर माहेरचे भरतात, पलंगापासून पातेल्यांपर्यंत. इथे उलटी गंगा कशी?

"लाडाचीच दिसते गं बाई," डेलूने पुस्ती जोडली.

असाबेने कुंपणाकडे पाठ फिरवली. तिच्या वेळी या माणसाने एक उशी आणली नव्हती.

पण रंगांत तिचा हात धरणारं झारिया शहरात कुणी नव्हतं. कुणाच्या घरी बारसं असो की लग्न, पडद्याला चादर कुठली हे तिलाच विचारायचे. जिला जुळवता येतं तिला बिघडवताही येतं. तिने बाजारातून उंची मालच आणला. जांभळ्या-सोनेरी पट्ट्यांचे पडदे. पलंगावर परातीएवढी केशरी फुलं. खाली हिरव्या चौकटींचा गालिचा. एकेक वस्तू बघावी तर नजर लागेल, आणि सगळं मिळून डोळ्यांत मिरची. नवऱ्याला काही कळलं नाही. खूश होऊन तो बघत राहिला. बायकांना मात्र उंबऱ्यातच कळणार होतं, आणि येणारीलाही.

शुक्रवारी गाडी थांबली. आधी सासू उतरली, गुडघे धरत. मागून डोक्यावरून ओढणी घेतलेली एक उंच, काटकुळी पोर.

"माझ्याच्यानं आता होत नाही," सासू म्हणाली. "शाळाही इकडेच बरी. घे बाई, तुझी तुला."

इल्यासू त्या दुपारसारखाच भिंतीकडे बघत उभा राहिला, लेकीचं नाव न घेता.

पोर खोलीत गेली. पडद्याला हात लावला, पलंगाकडे पाहिलं, गालिच्याशी अडखळली.  दाराशी उभ्या असाबेकडे वळून तिने हळूच विचारलं, "आजी म्हणते, 'रंग जुळवावेत तर तुझ्या आईनेच.' हे माझ्यासाठी तूच निवडलंस ना?"