सरांच्या वहीतला पिंगळा

कडुनिंबातला पिंगळा तिसऱ्यांदा ओरडला आणि गिरधर सरांनी चपला काढून हातात घेतल्या. वाळल्या पानांचा आवाज नको म्हणून.

मेंदीच्या कुंपणाआड पुनीतने तोंडात रुमाल कोंबला. दुसऱ्या हातात मोबाइल, शूटिंग चालू. त्याच्या शेजारी त्याचा मित्र श्रेणिक वाकून बसला होता. तो आपल्या मोबाइलवरून आवाज सोडत होता आणि डोक्यावरच्या कडुनिंबात बांधलेला डबीएवढा स्पीकर ओरडत होता. हुव्व... हुव्व...

वनपिंगळ्याचा आवाज. शंभराहून जास्त वर्षं कुणाला दिसला नाही, संपलाच म्हणून सगळ्यांनी सोडून दिला, आणि पुन्हा सापडला तो इथे, शहाद्याजवळच्या जंगलात. तेव्हापासून सर त्याच्यामागे होते. शाळेला सुट्टी लागली की सर सातपुड्यात. पंचवीस वर्षं! लोकांना दिसला, सरांना नाही. दोन वर्षांपूर्वी छातीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी डोंगर चढणं बंद केलं. मग उरली तळोद्याच्या टोकाची ही बाग. दर रविवारी सर चार हौशी माणसं जमवायचे आणि दिसेल तो पक्षी वहीत लिहायचे. नियम एकच, डोळ्यांनी दिसल्याशिवाय वहीत नाही. नुसता आवाज ऐकून लिहिलेलं सरांना चालत नसे.

तो नियम सरांना स्वतःच मोडायला लावायचा, एवढाच बेत होता. कारण गेल्या रविवारचं. श्रेणिकने साध्या पिंगळ्याला वनपिंगळा म्हटलं होतं. सर म्हणाले, "साड्यांवरचे ठिपके बरे दिसतात रे तुला दुकानात! याच्या डोक्यावरचे दिसत नाहीत?" सगळे हसले. श्रेणिकची बायको फाल्गुनीसुद्धा हसली, आणि तेच त्याला जास्त लागलं. तिशीचा माणूस, बाजारात स्वतःचं दुकान, आणि सर अजून सातवीच्या वर्गात उभं केल्यासारखं बोलतात म्हणजे काय? आज त्याने सरांना चारची आणि बाकीच्यांना मुद्दाम पाचची वेळ कळवली होती.

सर अनवाणी पुढे आले. मार्चचं ऊन, जमीन तापलेली. मेंदीपासून पाच-सहा पावलांवर ते थांबले. मान वर. नजर दोघांच्या डोक्यावरून पलीकडे. तोंड उघडंच राहिलेलं. मग त्यांनी हळूच बोट वर केलं आणि त्यांचे ओठ हलले.

"स्पीकर हुडकतोय म्हातारा," पुनीत कुजबुजला आणि त्याला हसू आवरेना. रुमालातूनसुद्धा ते बाहेर फुटलं.

सरांचं बोट खाली आलं. त्यांनी खिशातून वही काढली.

"लिखी ऱ्हायनात!" पुनीतने श्रेणिकच्या पाठीत गुद्दा घातला. "अरे, सर लिखी ऱ्हायनात!"

झालं. जिंकले. आता नुसतं बाहेर पडून टाळ्या पिटायच्या होत्या. पण श्रेणिकला उठवेना. सर त्या तापल्या जमिनीवरच बसून, वही गुडघ्यावर टेकवून लिहीत होते. मध्येच थांबून त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने डोळे पुसले, पुन्हा लिहायला लागले. या माणसाने आपल्याला चिमणीचा नर आणि मादी ओळखायला शिकवलं. त्याच्या पंचवीस वर्षांच्या वाटेवर आपण चारशे रुपयांची डबी टांगून ठेवली. श्रेणिकला स्वतःचीच किळस आली.

"बंद कर ते शूटिंग."

"वेडा आहेस का? ग्रुपवर टाकू ना!"

"बंद कर म्हणतो ना!"

श्रेणिकने आवाज थांबवला. बाकावर चढून स्पीकर सोडला आणि सरांपुढे जाऊन उभा राहिला. शरमेने मान वर होईना.

"सर, हा मी लावला होता. तो आवाज खोटा होता. माझी चूक झाली. वहीतलं ते खोडून टाका."

सरांनी डबीकडे पाहिलं.

"माहीत आहे रे. दोन हाकांतच ओळखलं. घड्याळ लावल्यासारखा कुठला पिंगळा ओरडतो? मेंदीच्या वर तुमची डोकीही दिसत होती. चांगला कान पिळायलाच येत होतो." त्यांनी वही छातीशी धरली. "तेवढ्यात तो आला."

"कोण?"

सरांनी वही पुढे केली. आजची तारीख. चार वाजून वीस मिनिटं. कुंपणाबाहेरचा साग. डोक्यावर ठिपके नाहीत. शेपटीवर रुंद पांढरे पट्टे.

"तुझ्या डबीला भांडायला आला, बघ. आपल्या हद्दीत दुसरा कोण घुसला म्हणून. बराच वेळ बसला होता. मग कुणीतरी हसलं, तसा उडाला." सरांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. "तुलाही दिसला ना रे? पाहणाऱ्यांत तुझं नाव लिहितो."

श्रेणिक वळला. ते दोघे बसले होते त्याच्या बरोबर मागे, कुंपणापलीकडे, पानं झडलेला साग होता. फांद्या सगळ्या मोकळ्या.

त्याने नकारार्थी मान हलवली. सरांनी टोपण लावलं.

पुनीत कुंपणाआडून बाहेर आला होता. त्याचं तोंड उतरलं होतं. त्याने मोबाइल श्रेणिकच्या हातात दिला. व्हिडिओत सर होते, वर केलेलं बोट होतं आणि त्या दोघांचं खिदळणं होतं. श्रेणिकने मोबाइल कानाला लावला. खिदळण्याच्या खालून, वर्गात कधी न वापरलेल्या घरच्या बोलीत, सर हळूच हाका मारत होते, "श्रेणिक, मांगे दख बेटा. मांगे दख."