तिसऱ्या चित्रपटातली आई

"वाच, वाच. मोठ्यानं वाच," नेटा म्हणाली. पाव छातीशी धरून ती कापत होती आणि सुरी जरा जोरातच चालली होती.

शेजारच्या एफीनं लंडनचं वर्तमानपत्र चहाच्या किटलीला टेकवलं. नेटाच्या धाकट्या भावाचा, डंकनचा, तिसरा चित्रपट आला होता. उसना कॅमेरा, गावचीच माणसं, स्वतःचंच बालपण. पहिला बापावर होता, दुसरा कोळशाच्या खाणीवर. दोन्हींत बहीण नव्हती. नेटानं वाट पाहिली. तिसरा निघाला आईवर. आज तो गावच्या सभागृहात लागणार होता, आणि नेटा जाणार नव्हती.

"'आई लेकराला न्हाऊ घालते, तिथे डोळे भरून येतात,'" एफी वाचू लागली. "'शेगडीपुढे पत्र्याचा टब. साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळावर आडवा धरलेला तिचा हात...'"

"तो हात माझा!" सुरी थांबली. "आई गेली तेव्हा हा पाळण्यात होता. शाळा मी सोडली. पाणी मी तापवलं, बापाचे काळे कपडे मी धुतले. केसांना रिबीन मिळेना, तर बापाच्या बुटाची नाडी बांधून हिंडले. आणि गोडवे कुणाचे? तिचे!"

भिंतीवरच्या फोटोकडे तिनं सवतीकडे पाहावं तसं पाहिलं. फोटोतली आई भरल्या अंगाची होती, अंबाडा घातलेली, शांत. मेलेल्या माणसाला किती सोपं असतं सुंदर राहणं!

"अगं, थांब. खरडपट्टीही काढलीय हं तुझ्या भावाची," एफी खुशीत आली. "ऐक. 'एक चूक मात्र खटकते. आईच्या भूमिकेत घेतलेली मुलगी जेमतेम चौदा वर्षांची दिसते. पैसे नसतील, मान्य. पण गावात एखादी वयाची बाई मिळाली नाही? आणि कुठली आई आपली वेणी बुटाच्या...'"

एफीचा आवाज तिथेच अडला. तिनं मान वर केली.

नेटा पाव छातीशी तसाच धरून उभी होती, तान्हं मूल धरावं तसा. मग तिनं तो हलकेच खाली ठेवला, एप्रनची गाठ सोडली, खुंटीवरचा कोट काढला.

"चल एफी, ऊठ," ती म्हणाली. "माझ्या लेकराचा चित्रपट लागलाय."