चार चाकं, चार कंपन्या

गाडी लिफ्टवर चढली. मनोलीने वाकून पुढचं डावं चाक पाहिलं, मग उजवं. मग तो मागे गेला आणि तिथेच थांबला.

“काय झालं?” बेरिलने विचारलं. पर्स पोटाशी धरून ती टायरच्या दुकानाच्या दारात उभी होती.

महिनाभर गाडी डावीकडे ओढत होती. व्हायालाहून पोर्ट ऑगस्टाला मुलीकडे जायचं तर रस्ता सरळ, पण स्टिअरिंग धरून धरून मनगटं भरून यायची. या महिन्यात तिच्या नवऱ्याने, मर्व्हने, चार वेळा टायर बदललं होतं. दर वेळी हात पुसत घरात यायचा, “आता झाली बघ सरळ.” दुकानात नेऊ म्हटलं की भडकायचा. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाने टायरसाठी दुसऱ्याचं दार ठोठावायचं? आज सकाळी तिने त्याच्या हातातून किल्ल्या हिसकावल्या होत्या. वाटेत दोघं एक शब्द बोलले नव्हते.

“काकू, जरा इकडे या,” मनोली हळूच म्हणाला. हे काम तो मर्व्हकडेच शिकला होता. आता स्वतःच्या डोक्यावरचे केस पिकले, तरी मर्व्ह दुकानात असला की त्याचा आवाज खाली यायचा. “पुढे डावीकडे एकशे पंच्याऐंशीचं माप, उजवीकडे दोनशे पाचचं. मागे एक जपानी, एक कोरियन. त्यातलं हे तर उलटं चढवलंय, फिरण्याच्या दिशेचा बाण मागे तोंड करून. चार चाकं, चार कंपन्या. कुणी बसवलंय हे?”

बेरिलने बाकावर बसलेल्या मर्व्हकडे पाहिलं. महिनाभराचा राग तोंडाशी आला होता, तो तिथेच अडकला.

तेवढ्यात मर्व्ह बाकावरून उठला आणि गाडीशी गेला. टायरच्या कडेवरून त्याने बोटं फिरवली. एक चाक, दुसरं, चारही. त्याची मान लाल होत गेली.

“कुठल्या गाढवाने केलं हे? मनोली, हे काम शिकवलं होतं मी तुला?”

“उस्ताद, मी नाही...”

“मग कोण? एका अॅक्सलवर दोन मापं! ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की गाडी गरकन फिरेल. माणसं मरतात अशाने. नाव सांग त्याचं. असल्या माणसाच्या हातात पाना देऊ नये कुणी!”

मनोलीने मान खाली घातली. कोपऱ्यात कॉम्प्रेसर धडधडत होता. मर्व्हने मनोलीकडे पाहिलं, मग बेरिलकडे. मग त्याची नजर स्वतःच्या हातांवर गेली. नखांत काळं होतं. तो तिथेच बघत राहिला.

“मी,” बेरिल म्हणाली.

“काय?”

“मी बसवली. भंगारवाल्याकडे मिळाली ती आणली. गोल दिसली, बसवली. मला काय कळतं त्यातलं?”

मर्व्हने तिच्याकडे निरखून पाहिलं. हळूहळू त्याचे खांदे सैल झाले.

“लग्नाला पन्नास वर्षं झाली, बेरिल. पन्नास वर्षं! आणि टायरवरचा आकडा वाचता येत नाही तुला?”

“कधी शिकवलंस?”

“मनोली, पुढची दोन्ही चाकं उतरव. बेरिल, ये इकडे, बैस. चष्मा लाव.”

मनोलीने चाकं काढून फरशीवर आडवी ठेवली आणि तो पाठ फिरवून नवीन टायरच्या रांगेकडे गेला. बेरिल गुडघे टेकून बसली. फरशी टणक होती.

“पहिला आकडा रुंदी. वाच.”

“एकशे पंच्याऐंशी.”

“आणि याच्यावर?”

“दोनशे पाच.”

“मग सारखी आहेत का?”

“नाहीत.”

“नाहीत!” मर्व्हने चाकावर थाप मारली. “एवढी साधी गोष्ट. राहील ना लक्षात? की उद्या परत विसरशील?”

“नाही,” बेरिल म्हणाली. “मी नाही विसरणार.”